उष्टावण

पाचव्या महिन्यात मला सुंगटांचे डोहाळे लागले
आणि सुंगटंच अंगावर उठली.
आधी मान, मग पोट, मग कोपरं,
लाल गांधी, खाजकुयली चोळून गेल्यासारख्या.
बावीस वर्षं खात आले होते मी,
रेवेवर गोलमो पसरताना चिमूटभर तोंडात टाकत.
"बाधला आसात कायतरी," आये म्हणाली,
मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
त्या धुरानं लहानपणची धाप परत आली.

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात डॉक्टर प्रभुखानोलकर.
"पंप बंद केलाय," मी म्हटलं, "पोटातल्याला लागेल म्हणून."
त्यांनी चष्मा काढला.
"तू घेशील तोच श्वास त्याला मिळणार.
दुसरा कुठून आणेल ते?"
निळा पंप मी पदरात बांधून आणला.
असली ओटी कुणी भरत नाही.

घर मासळीचं.
दोरी, देवळी, उशी, नवऱ्याचे केस,
मी जाणार कुठे?
मग घरच थोडं सरकलं.
चूल मागल्या पडवीत गेली.
दिगू होडीवरून आला की विहिरीपाशीच कपडे उतरवी,
चोरासारखा हसत.
आये बाजारातून आली की पाटी बाहेर,
राख, साबण, पुन्हा साबण, लिंबाची साल,
मग दोन्ही हात माझ्या नाकाशी:
"बघ गो, येता वास?"
येत असे.
मी नाही म्हणायचे.

मैथिली जन्मली ती लोण्यासारखी.
तिसऱ्या महिन्यात गाल खरबरीत झाले,
गुडघ्यांमागे ओलं, तांबडं.
शेजारीण म्हणाली, आवशीन चोरून खाल्लान.
मी तर भीतीनं दूध सोडलं होतं, काजू सोडले होते,
नुसत्या पेजेवर अंगावर पाजत होते.
डॉक्टर रागावल्या. "तुझी सुंगटं बंद, तेवढंच.
बाकी जेव की गं पोटभर!"
मग मलम, कोमट पाणी, टिपून पुसणं.
रात्री खाजवू नये म्हणून नखं कापायची,
करंगळीचं नख
सुंगटाच्या डोळ्याएवढं.

सहाव्या महिन्यात उष्टावण.
मामा चांदीची वाटी घेऊन आला.
खीर, केळं, पेढा,
आणि रांगेत सगळ्यांची बोटं तयार.
मी म्हटलं, एका वेळी एक.
पाव्हणे हिरमुसले.
आयेनंच पेढ्याचं ताट उचललं:
"आयकलात मां? एक म्हणजे एकच."

आये शाळेत गेलेली नाही.
उधारीच्या भिंतीवर कोळशानं तिनं नवी रांग मांडली:
बाक म्हणजे काजू, दोन ठिपके शेंगदाणा,
गोल म्हणजे अंडं.
काही झालं नाही तर खाली उभी रेघ.
कुटून, पातळ करून, चमच्याच्या टोकावर एवढंसं,
आणि मग आम्ही दोघी ओसरीवर, बाळाच्या ओठांकडे बघत.
घड्याळ होतं,
पण ती समुद्राकडे बघायची:
"पाणी त्या खडपाक लागला काय सुटलाव."
शेंगदाणा सुटला. काजू सुटला.
अंड्याखाली आडवी रेघ पडली,
पापण्या सुजून मिटल्या, एक रात्र दवाखान्यात.
त्या रेघेबद्दल घरात कुणी बोलत नाही.

परवा सुंगटं.
इथे नको, माझ्यासमोर द्या, डॉक्टर म्हणाल्या.
डब्यात उकडलेला एक तुकडा, आत आये,
बाहेर मी, सुरूखाली, पंप मुठीत,
खिडकीच्या गजांतून बघत.
मैथिलीनं जीभ फिरवली.
थांबली.
मग तोंड उघडलं, आणखी हवं म्हणून.
मला एकाएकी पाचवा महिना आठवला,
कुणाचे होते ते डोहाळे?

तिथून समुद्र दिसत नाही.
आये दर थोड्या वेळानं नर्सला विचारत होती,
किती वाजले, आता किती.

संध्याकाळी तिचं तोंड धुतलं, हात धुतले,
झबलं बदललं,
आणि आयेनं तिला माझ्या कुशीत दिलं.
"येता वास?"
येत होता, मानेच्या वळीत, किंचित.
ह्या खेपेला मी खरं सांगितलं.
ती उठली,
पुन्हा साबण शोधायला.